इंग्रजीतला भविष्यकाळ मराठी कानाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'शॅल किंवा विल लावलं की झाला भविष्यकाळ.' मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या मनात हे वाक्य पक्कं बसलेलं असतं. मी संध्याकाळच्या वेळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. त्यात नोकरदार आहेत, दुकानदार आहेत, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया आहेत. त्यांच्या चुका ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. 'जाईन', 'जाणार आहे' आणि 'जातोय' यांतला फरक आपला कान अचूक ओळखतो आणि इंग्रजीत नेमका तोच फरक हवा असतो. नियम पाठ करायच्या आधी आपण मराठीत काय म्हणतोय ते नीट ऐकलं, तर अर्धं काम होतं. खालचे प्रश्न वर्गात पुन्हापुन्हा येणारे आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्याने म्हणून बघता येतील.

इंग्रजीत भविष्यकाळ नक्की किती आहेत?

शाळेच्या हिशोबाने चार. 'राइट' हे क्रियापद घेऊ.

साधा: आय विल राइट. (मी लिहीन.)
चालू: आय विल बी रायटिंग. (मी लिहीत असेन.)
पूर्ण: आय विल हॅव रिटन. (मी लिहिलेलं असेल.)
चालू पूर्ण: आय विल हॅव बीन रायटिंग. (तोवर मी इतका वेळ लिहीत आलेला असेन.)

पण बोलण्यात भविष्याची गोष्ट याखेरीज आणखी चार-पाच तऱ्हांनी सांगितली जाते: 'गोइंग टू' लावून, चालू वर्तमानकाळाने, साध्या वर्तमानकाळाने, 'अबाउट टू' लावून. गोंधळ होतो तो इथे. चार रूपं पाठ असलेला माणूससुद्धा यांतलं कोणतं कधी वापरायचं इथे अडतो.

इंग्रजीत भविष्यकाळच नाही असं कुठेतरी वाचलं. ते खरं आहे का?

बरेच भाषाशास्त्रज्ञ तसं मानतात आणि त्याला कारण आहे. 'वॉक'चं भूतकाळात 'वॉक्ट' होतं, म्हणजे क्रियापदाचं रूपच बदलतं. भविष्यकाळासाठी मात्र क्रियापदाला लावायला इंग्रजीकडे प्रत्यय नाही. आपल्याकडे तो आहे: जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. कर्ता वगळला तरी कोण जाणार हे बहुतेक वेळा कळतं. संतांच्या वाणीत 'करी' म्हणजे 'करतो'. त्याच जुन्या वर्तमानकाळी रूपाला 'ल' जोडून आपला 'करील' झाला.

इंग्रजीने त्याऐवजी दोन जुनी क्रियापदं कामाला लावली. 'विल' म्हणजे मुळात इच्छा असणं आणि 'शॅल' म्हणजे देणं लागणं, बांधील असणं. 'विल'चा जुना अर्थ अजून पुसलेला नाही. मृत्युपत्राला इंग्रजीत 'विल' म्हणतात आणि मराठीत त्यालाच इच्छापत्र असंही म्हणतात. 'विल पॉवर'मधला 'विल' तोच. हे लक्षात ठेवलं, की 'विल' आश्वासनाला, तयारीला, नकाराला का वापरतात ते आपोआप समजतं.

'विल'नंतर क्रियापदाचं कोणतं रूप लावायचं?

मूळ रूप. 'एस' नाही, 'टू' नाही, भूतकाळ नाही. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही: आय विल गो, शी विल गो, दे विल गो. 'ही विल गोज' आणि 'ही विल टू गो' दोन्ही चूक.

'इज', 'ॲम', 'आर' यांचं मूळ रूप 'बी' आहे, म्हणून 'ही विल इज' नव्हे, 'ही विल बी'. 'कॅन' आणि 'मस्ट' हे 'विल'शेजारी बसत नाहीत. 'मला येता येईल' म्हणजे 'आय विल बी एबल टू कम'. 'मला जावं लागेल' म्हणजे 'आय विल हॅव टू गो'. हे शेवटचं वाक्य दिवसातून दहादा लागतं, ते जिभेवर बसवून टाका.

'जाईन', 'जाणार आहे', 'जातोय' या तिन्हींना 'आय विल गो' चालत नाही का?

नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दिवाळीच्या आधी ऑफिसात कुणी विचारतं, सुट्टीत काय बेत? तीन माणसं तीन उत्तरं देतात.

पहिला म्हणतो, 'अजून ठरलं नाही, गावी जाईन बहुतेक.' इंग्रजीत: 'आय विल प्रॉबब्ली गो होम.'
दुसरी म्हणते, 'मी गावी जाणार आहे.' इंग्रजीत: 'आय ॲम गोइंग टू गो होम.'
तिसरा म्हणतो, 'गावी जातोय, शुक्रवारची तिकिटं काढलीत.' इंग्रजीत: 'आय ॲम गोइंग होम ऑन फ्रायडे.'

पहिल्याचं अजून मनातच चाललंय. दुसरीने ठरवलंय. तिसऱ्याने ठरवून पुढची सोयही केलीय. इंग्रजी याच तीन पायऱ्या पाळतं: बोलता बोलता घेतलेला निर्णय, अंदाज किंवा आश्वासन असेल तर 'विल', आधी ठरलेलं असेल तर 'गोइंग टू', दिवस, वेळ, माणसं, तिकीट सगळं पक्कं असेल तर चालू वर्तमानकाळ. 'गोइंग टू' आणि चालू वर्तमानकाळ यांची हद्द तशी पातळ आहे. तिथे एकाच्या जागी दुसरं आलं तर कुणाला खटकत नाही. 'विल' मात्र चुकीच्या जागी आला की लगेच जाणवतो. तिकीट काढलेल्या माणसाने 'आय विल गो होम ऑन फ्रायडे' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की याने हे आत्ताच ठरवलं.

'गोइंग टू'चं दुसरं काम डोळ्यांसमोरच्या खुणेवरून पुढचं सांगायचं. आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय, अंगणातले कपडे काढायला आई धावते आणि म्हणते, 'पाऊस पडणार आहे गं!' हे 'इट्स गोइंग टू रेन'. हवामानाचा अंदाज वाचून 'उद्या पाऊस पडेल' म्हटलं तर 'इट विल रेन टुमॉरो'. मात्र 'इट इज रेनिंग टुमॉरो' कधीच नाही, कारण पावसाशी कुणी वेळ ठरवलेली नसते. मराठीतही 'उद्या पाऊस पडतोय' म्हणताना आपली जीभ अडते.

'मी नंतर फोन करतो' याचं इंग्रजी काय?

'आय्ल कॉल यू लेटर.' हा 'आय विल'चा जोडून म्हटलेला उच्चार. 'आय कॉल यू लेटर' किंवा 'आय ॲम कॉलिंग यू लेटर' नको.

इथे मराठी कान आपल्याला फसवतो, तेव्हा सावध राहायला हवं. आपण मदतीची तयारी आणि छोटी आश्वासनं सर्रास साध्या वर्तमानकाळात देतो: बघतो, सांगते, करतो, देते. 'थांबा, मी दार उघडते.' 'असू दे, बिल मी भरतो.' 'साहेबांना विचारून सांगतो.' ही सगळी इंग्रजीत 'विल'ची वाक्यं आहेत: 'आय्ल ओपन द डोअर', 'आय्ल पे', 'आय्ल आस्क हिम अँड लेट यू नो'. माझ्या वर्गातल्या एका दुकानदारांनी परदेशी गिऱ्हाइकाला 'आय गिव्ह यू डिस्काउंट' असं सांगितलं होतं. गिऱ्हाईक सवलतीसाठी थांबून राहिलं नाही. 'मी नेहमी सवलत देतो' असा त्याचा अर्थ होत होता, 'आत्ता देतो' असा नव्हे.

आणखी गमतीचं म्हणजे आपला भूतकाळ. खालून हाक आली की आपण वरून ओरडतो, 'आलो!' अजून चप्पलही घातलेली नसते. हा 'आलोच' म्हणजे 'आय ॲम कमिंग'. 'निघालोच' म्हणजे 'आय ॲम जस्ट लीव्हिंग'. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण त्याचं इंग्रजी 'आय कम' होत नाही. तिथे 'आय ॲम ऑफ' किंवा नुसतं 'सी यू' म्हणतात.

'गोइंग टू गो' हे दोनदा झाल्यासारखं वाटतं. ते बरोबर आहे?

बरोबर आहे. पहिल्या 'गोइंग'मधला चालत जाण्याचा अर्थ सतराव्या शतकापर्यंत गळून पडला होता आणि तिथे नुसता बेत उरला. म्हणून 'आय ॲम गोइंग टू स्लीप' म्हणणारा कुठेही न जाता जागच्या जागी झोपू शकतो. तरी कानाला जड वाटत असेल, तर 'आय ॲम गोइंग टू गो टू पुणे'ऐवजी 'आय ॲम गोइंग टू पुणे' म्हणा. तो चालू वर्तमानकाळ झाला.

चित्रपटांत ऐकू येणारा 'गना' म्हणजे भरभर म्हटलेला 'गोइंग टू'. तो फक्त क्रियापदाआधी येतो, गावाच्या नावाआधी नाही. अर्जात, ईमेलमध्ये तो लिहू नका.

नकारार्थी वाक्यात 'जाणार नाही' हे एकच रूप आहे. मग 'वोन्ट' की 'नॉट गोइंग टू'?

छान प्रश्न आहे आणि तो मराठी माणसालाच पडू शकतो. होकारात आपल्याकडे दोन रूपं आहेत, 'जाईन' आणि 'जाणार आहे'. नकारात दोन्हींचं एकच होतं: 'जाणार नाही'. 'जाईन नाही' असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे नकारात कानाची मदत संपते.

उपाय सोपा आहे. वाक्य मनात होकारार्थी करून बघा. 'मी त्या लग्नाला जाणार नाही'चा होकार 'जाणार आहे' असा सुचत असेल, तर 'आय ॲम नॉट गोइंग टू'. 'काळजी करू नकोस, मी कुणाला सांगणार नाही' याचा होकार 'सांगीन' असा आहे, कारण ते आश्वासन आहे. म्हणून 'आय वोन्ट टेल एनीवन'.

'वोन्ट' हे 'विल नॉट'चं जोडरूप. 'विल'चं 'वो' कसं झालं असं मुलं विचारतात. मध्ययुगीन इंग्रजीत 'विल'ला 'वोल' असंही एक रूप होतं, त्याच्यापासून हे आलं. उच्चार मात्र जपा. 'वोन्ट' लांब 'ओ'ने म्हणा. तोंड उघडून 'वॉन्ट' म्हटलंत तर 'मला हवंय' असा अर्थ होतो आणि नकाराचा होकार होऊन बसतो.

'वोन्ट'चा आणखी एक अर्थ: हट्टाने नकार, तोही आत्ताचा. 'द डोअर वोन्ट ओपन' म्हणजे दार उघडतच नाहीये. 'ही वोन्ट लिसन' म्हणजे ऐकायलाच तयार नाही. हा इच्छेचा जुना 'विल' आहे.

'व्हेअर यू विल गो?' यात चूक काय?

क्रम. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांच्या जागा बदलत नाहीत: 'तू पुण्याला जाशील', 'तू कुठे जाशील?' म्हणून इंग्रजीतही आपण 'विल' जागच्या जागी ठेवतो. प्रश्नात 'विल' कर्त्याच्या आधी यायला हवा: 'व्हेअर विल यू गो?' पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की क्रम पुन्हा सरळ होतो: 'टेल मी व्हेअर यू विल गो.' त्यामुळे पहिलं रूप कानाला अगदीच परकं वाटत नाही आणि चूक टिकून राहते.

'शॅल' कधी वापरायचा? 'आय' आणि 'वुई'ला 'शॅल'च लावायचा ना?

आज 'आय विल', 'वुई विल' पूर्ण बरोबर आहे. 'आय-वुईला शॅल, बाकीच्यांना विल' हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि नंतरच्या व्याकरणकारांनी तो शाळाशाळांत पोचवला. त्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या वर्गांत फारसा सांगितला जात नाही: जोडी उलटी केली की निर्धार किंवा आज्ञा होते. म्हणजे 'आय विल' म्हणजे करणारच आणि 'यू शॅल' म्हणजे तुला करावंच लागेल. यावर इंग्रजीत एक जुनी गोष्ट सांगतात. पाण्यात गटांगळ्या खाणारा परका माणूस 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असं ओरडला आणि काठावरच्या माणसांनी तो त्याचा निर्धार समजून त्याला बुडू दिलं. लोक प्रत्यक्षात इतकं काटेकोर कधीच बोलत नव्हते. 1942 मध्ये फिलिपीन्स सोडावं लागल्यावर अमेरिकेचे जनरल मॅकार्थर 'आय शॅल रिटर्न' म्हणाले. नियमाने तो साधा भविष्यकाळ आहे, पण तो निर्धार म्हणूनच जगाच्या लक्षात राहिला.

आज 'शॅल' दोन ठिकाणी खरोखर लागतो. एक, विचारणा: 'शॅल वुई गो?' म्हणजे 'निघायचं का?' आणि 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?' आपल्या 'करू का', 'जायचं का' यांना इतका चपखल शब्द इंग्रजीत दुसरा नाही. इथे 'विल आय ओपन' म्हणू नका. दोन, कायद्याची भाषा. आपल्या राज्यघटनेचं पहिलंच कलम 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स' असं आहे. तिथे भविष्य वर्तवलेलं नाही, बांधून घेतलेलं आहे. करारनाम्यात, निविदेत 'द टेनंट शॅल पे' असं दिसलं, तर 'भाडेकरू भरेल' एवढाच अर्थ घेऊ नका. त्याला ते भरावंच लागेल असा तो अर्थ आहे.

'व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू' इतकं नीट लावूनही चूक कसं?

कारण 'व्हेन', 'इफ', 'बिफोर', 'आफ्टर', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' यांच्या अटीच्या भागात 'विल' येत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ: 'व्हेन आय रीच, आय विल कॉल यू.' 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.'

वर्गात हा नियम सांगितला, की लोक वैतागतात. गोष्ट पुढची आणि काळ वर्तमान, हे कसं? मग मी विचारते, एसटीत बसताना तुम्ही घरच्यांना काय सांगता? सगळे एका सुरात म्हणतात, 'पोचलो की फोन करतो.' यात भविष्यकाळ कुठे आहे? 'पोचलो' हा तर भूतकाळ. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' यातला 'आला' तसाच. म्हणजे अटीत भविष्यकाळ घालायचा नाही, ही सवय आपल्याला जन्मापासून आहे. आपण तिथे भूतकाळ घालतो, इंग्रजी वर्तमानकाळ घालतं. चूक होते ती 'मी जेव्हा पोचेन तेव्हा फोन करीन' असं पुस्तकी वाक्य आधी मनात रचून त्याचं इंग्रजी केल्यामुळे.

आता पोटप्रश्न. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे बरोबर आहे. तिथे 'विल' कसा चालला? मराठी ऐका: 'तो कधी येईल माहीत नाही.' हा 'व्हेन' म्हणजे 'कधी'. आणि 'तो आला की सांग' यातला 'व्हेन' म्हणजे 'आला की'. मराठीत 'कधी' असेल तर 'विल' चालतो, 'की' किंवा 'तेव्हा' असेल तर चालत नाही. 'इफ'लाही हीच कसोटी: 'येईल का माहीत नाही' असेल तर 'विल' चालतो, 'आला तर' असेल तर नाही.

गाड्यांच्या वेळा सांगताना 'विल' का नसतो?

वेळापत्रक रोजचं, ठरलेलं असतं, म्हणून साधा वर्तमानकाळ: 'द डेक्कन क्वीन लीव्हज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन.' मराठीतही 'गाडी उद्या सव्वासातला सुटते' असंच म्हणतो. सिनेमाचा खेळ, परीक्षेची वेळ, बँकेची वेळ यांनाही हेच.

'विल बी' लावून 'आयएनजी' केव्हा?

पुढच्या एखाद्या क्षणी काम चालू असेल तेव्हा. 'उद्या दहा वाजता फोन करू नकोस, मी पेपर लिहीत असेन': 'आय विल बी रायटिंग माय पेपर.'

या रूपाचा एक उपयोग मला फार आवडतो. समोरच्याचा बेत विचारायचा आहे, पण त्याला गळ घालतोय असं वाटू द्यायचं नाही, तेव्हा इंग्रज माणूस हेच रूप घेतो. 'विल यू कम टु द ऑफिस टुमॉरो?' यात 'याल का?' अशी विनंती आहे. 'विल यू बी कमिंग टु द ऑफिस टुमॉरो?' यात 'येणं होणार आहे का?' एवढीच चौकशी आहे. वरिष्ठांशी, पाहुण्यांशी, ग्राहकांशी बोलताना दुसरं वापरा.

'तो आता झोपला असेल' हे आत्ताबद्दल आहे. मग यात 'विल' येईल का?

येईल, आणि इथे दोन्ही भाषांचा विचार अगदी जुळतो. आपण भविष्यकाळाचं 'असेल' वापरून आत्ताचा किंवा मागचा अंदाज बांधतो. इंग्रजीही तेच करतं. दाराची बेल वाजते: 'दूधवाला असेल' म्हणजे 'दॅट विल बी द मिल्कमन'. 'ते एव्हाना पोचले असतील' म्हणजे 'दे विल हॅव रीच्ड बाय नाऊ'. 'ती आता अभ्यास करत असेल' म्हणजे 'शी विल बी स्टडिइंग नाऊ'.

पूर्ण भविष्यकाळ लागतो तरी कुठे?

अमुक वेळ येईल तोवर काम उरकलेलं असेल, हे सांगायला. रूप: 'विल हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. 'तू स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटलेली असेल': 'बाय द टाइम यू रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट.' कर्ता 'ही' असला तरी 'हॅव'च राहतो, 'विल हॅज' होत नाही. 'बाय द टाइम'च्या भागात 'विल' नाही हेही बघा, नियम तोच वरचा.

खरी अडचण 'पर्यंत' या शब्दाची आहे. 'शुक्रवारपर्यंत काम संपवीन' आणि 'शुक्रवारपर्यंत इथे थांबेन', दोन्हीकडे मराठीत 'पर्यंत'. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे', दुसऱ्याला 'टिल फ्रायडे'. एकदा घडून संपणाऱ्या गोष्टीला 'बाय', तोवर चालू राहणाऱ्याला 'टिल'. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' हे वाक्य आपल्या ऑफिसांच्या ईमेलमध्ये नेहमी दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, की हा शुक्रवार उजाडेपर्यंत रोज अहवाल पाठवत बसणार.

आणि 'विल हॅव बीन'?

क्वचित. 'येत्या जूनमध्ये मला इथे काम करायला लागून दहा वर्षं होतील': 'नेक्स्ट जून, आय विल हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन यिअर्स.' पुढचा एक बिंदू आणि तोवरचा कालावधी, दोन्ही असतील तरच. परीक्षेसाठी ओळखता आलं की पुरे.

'जाणार होतो' याचं काय करायचं?

शब्दाला शब्द जुळतो: 'आय वॉज गोइंग टू गो.' मराठीत 'जाणार होतो' म्हटलं की पुढे 'पण' येणार हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीतही तसंच: 'आय वॉज गोइंग टू कॉल यू, बट माय फोन वॉज डेड.'

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र वाटा वेगळ्या होतात. आपण 'तो म्हणाला, मी येईन' असं त्याच्याच तोंडचं वाक्य उचलून सांगतो. इंग्रजीत 'विल'चा 'वुड' होतो आणि 'मी'चा 'तो': 'ही सेड ही वुड कम.'

'निकाल उद्या जाहीर होईल' म्हणजे 'द रिझल्ट विल डिक्लेअर टुमॉरो' ना?

नाही. निकाल स्वतःहून काही जाहीर करत नाही, तो कुणीतरी जाहीर करतं. म्हणून 'विल बी डिक्लेअर्ड'. मराठीत जाहीर होणं, दुरुस्त होणं, रद्द होणं अशी 'होणं'ची क्रियापदं आपण सहज वापरतो. त्यांचं इंग्रजी करताना 'विल बी' आणि तिसरं रूप लागतं का, हे आधी तपासा. नोटीसफलकांवर ही चूक फार दिसते.

वर्तमानपत्रात 'पीएम टू व्हिजिट मुंबई' असं असतं. क्रियापद कुठे गेलं?

मथळ्यात जागा वाचवायला 'इज' गाळतात. पूर्ण वाक्य 'द पीएम इज टू व्हिजिट मुंबई'. हे औपचारिक, ठरलेल्या कार्यक्रमाचं रूप आहे, घरच्या बोलण्यातलं नाही. 'मी निघायच्या बेतातच आहे' यासाठी 'आय ॲम अबाउट टू लीव्ह'. त्यापुढे 'टुमॉरो' जोडू नका. 'अबाउट टू'मध्ये 'आत्ता, लगेच' हे आलेलंच असतं.

परीक्षेत गाळलेली जागा भरताना कोणत्या खुणा बघू?

'बाय' आणि पुढची वेळ दिसली तर पूर्ण भविष्य. 'ॲट धिस टाइम टुमॉरो' दिसलं तर चालू भविष्य. 'लुक!' किंवा 'लुक ॲट दोज क्लाउड्स' असेल तर 'गोइंग टू'. 'आय थिंक', 'प्रॉबब्ली', 'आय प्रॉमिस' असेल तर 'विल'. 'इफ', 'व्हेन', 'अंटिल' असेल तर रिकामी जागा त्यांच्या बाजूची आहे की पलीकडची, ते आधी बघा. मुलं घाईत दोन्ही बाजूंना 'विल' भरून मोकळी होतात. नुसतं 'टुमॉरो' ही मात्र खूण नव्हे. 'टुमॉरो' पाहिलं की 'विल' ही सवय मोडायला मला प्रत्येक तुकडीत आठवडा लागतो.

मुलाखतीत 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' असं विचारतात. तिथे कोणता भविष्यकाळ?

'आय विल बिकम मॅनेजर' असं उत्तर बरेच जण देतात. व्याकरण जवळपास ठीक आहे, फक्त 'अ मॅनेजर' हवं. पण यात भाकीत ऐकू येतं आणि समोरच्याला ते आगाऊ वाटू शकतं. मराठीत तुम्ही 'मी मॅनेजर होईन' असं पाहुण्यांसमोर म्हणाल का? 'व्हायची इच्छा आहे', 'होईन अशी आशा आहे' असं म्हणाल. तेच इंग्रजीत न्या: 'आय होप टू बी लीडिंग अ टीम', 'आय्ड लाइक टू बी हँडलिंग बिगर प्रोजेक्ट्स बाय देन'. जे खरोखर ठरवलंय ते 'गोइंग टू'ने सांगा: 'आय ॲम गोइंग टू फिनिश माय डिग्री नेक्स्ट यिअर.' जिथे फी भरून झाली आहे, वर्ग कधी सुरू होणार ते माहीत आहे, तिथे चालू वर्तमानकाळ: 'आय ॲम स्टार्टिंग अ कोर्स इन जुलै.' आणि 'सोमवारी रुजू व्हाल का?' असं त्यांनी विचारलं, तर बिनधास्त 'विल' वापरा: 'येस, आय विल.'